बिनआवाजाची बोली

आमच्या गल्लीतले काका दरवर्षी मंडळाचा दिवाळी अंक काढतात. ते दळण टाकायला माझ्या सासूबाईंच्या पिठाच्या गिरणीवर आले, मला बघून म्हणाले, "अश्विनी, तू इंग्लंडला नोकरी करतेस ना गं, मग तिथलं काहीतरी लिही की. लोक आवडीनं वाचतात तसलं." मी म्हणाले, काका, मी दहावी नापास, मला कुठं लिहिता येतंय. तर म्हणाले, "बोलतेस तसं लिही. बाकीचं मी बघतो."

म्हणून लिहिते. पण आधीच सांगून टाकते, म्हंजे नंतर कुणी तोंड वाकडं करायला नको. मी तिथं ऑफिसात नाय. मी झाडू मारते, संडास धुते. कापडाच्या एका जुन्या गिरणीत, जी आता लोकांना बघायला ठेवलीय. गल्लीतल्या बायका मला "लंडनवाली" म्हणतात, तर लंडन पण मी नुसतं विमानतळावरून बघितलंय.

आणि दुसरं. माझी पोरगी आरू, तिसरं लागलंय तिला, तिला नीट ऐकू येत नाय. दोन्ही कानांत मशीन हाय. आम्ही श्रावणात इथं सिडकोत घरी आलो तेव्हा हे मी आणि माझा नवरा सोडून कुणालाच माहीत नव्हतं. आल्या आल्या सासूबाईंनी सांगितलं, पोरीचं जावळ राहिलंय, वणीच्या गडावर नवस बोललेला हाय, ह्याच सुट्टीत काढून टाकायचं. जावळ म्हंजे डोक्यावरचा केस न केस जाणार. आणि केसांखालीच तर मी मशिनं लपवली होती. 

आता ते मशिनापर्यंत कसं आलं ते सांगायचं म्हंजे आधी गाव सांगायला पाहिजे.

आमचे हे नर्सिंग शिकलेले. तिकडच्या हॉस्पिटलात काम लागलं म्हणून गेले, मागून मी आरूला घेऊन गेले, ती तेव्हा रांगत होती. मला वाटलेलं काचेच्या बिल्डिंगा असतील, चकाचक. बसमधून उतरले तर काळ्या पडलेल्या दगडाच्या घरांच्या रांगा, एकाला एक चिकटून, चढावर वर वर गेलेल्या, सगळ्या सारख्या. पहिले दिवस तर मी आमचं घर पडद्यावरून ओळखायची. आणि मधे एक उंच धुराडं, धूर नाय, वरती तोंडावर झाड उगवलेलं. मी ह्यांना म्हणाले, अहो, आपण चुकीच्या ठिकाणी तर नाय ना आलो?

गाव मँचेस्टरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. एके काळी तिथं कापडाच्या गिरण्याच गिरण्या होत्या. कापूस बोटीनं यायचा, आपल्याकडून पण जायचा म्हणे, तिथं त्याचं कापड व्हायचं आणि तेच परत आपल्याला विकायला यायचं. अख्ख्या गावाला गिरणीशिवाय दुसरं कामच नव्हतं. पहाटे एक माणूस लांब काठी घेऊन फिरायचा आणि माडीच्या खिडक्यांवर टकटक करून लोकांना उठवायचा, तेवढंच त्याचं काम. वर्षातून एक आठवडा सगळ्या गिरण्या एकदम बंद, मग सगळं गाव समुद्रावर जायचं. म्हंजे सुट्टीला गेलं तरी शेजारीण तीच आणि मुकादम तोच, नुसतं समोर पाणी.

आता काय नाय त्यातलं. एका गिरणीत फ्लॅट केलेत, एकीत गालिचांचं दुकान, एक जळाली ती तशीच उभी. बाजारातली अर्धी दुकानं फळ्या ठोकून बंद. उरलेल्यांत केस कापणारे, मोबाइलवाले आणि कोंबडी तळणारे. तरणी पोरं बसस्टॉपवर उगाच उभी राहतात, बस आली तरी चढत नायत. वरच्या आळीत पाकिस्तानी आणि गुजराती लोक, त्यांचे आजे-बापे गिरणीत रातपाळी करायला आलेले. तिथं दुकान चालवणाऱ्या एक मावशी होत्या, त्यांना सगळे खाला म्हणायचे, त्यांच्याशी मी हिंदीत बोलायची, कोथिंबीर घ्यायला जायची ती तासभर तिथंच. एरवी माझं तोंडच उघडायचं नाय. इंग्रजी येत नाय ना. काउंटरवरची बाई काही विचारायची, मी नुसती "यस यस" करायची, एकदा तर काय घेऊन आले तर मांजराचं खाणं. लाजेनं परत पण केलं नाय, खालांच्या मांजरीला दिलं.

तर त्यातली एक गिरणी बघायला ठेवलीय, तिथं मला काम मिळालं. काम सोपं वाटतं पण सोपं नाय. मोठा हॉल, त्यात लोखंडी मागांच्या रांगा. लोक आले की त्यातले दोन-तीन माग चालू करून दाखवतात. दोन-तीन माग, पण काय आवाज! जमीन पायाखालून हलते, छातीत धडधडतं. आम्हाला कानात घालायला रबरी बोंडं दिलेली. माग चालला की कापसाची पिंज उडते आणि ती सगळीकडं बसते, मागावर, खिडकीवर, पापण्यांवर. ती पिंज काढायचं माझं काम. ओलं फडकं मारायचं नाय, कारण मागाला तेल असतं, पिंज आणि तेल आणि पाणी एक झालं की चिकटून बसतं, मग नखानं पण निघत नाय. सुक्या ब्रशनं, वरून खाली, माग पूर्ण थांबल्याशिवाय हात आत घालायचा नाय. मी पहिल्या दिवशी आपल्यासारखी बादलीभर पाणी घेऊन फरशी पुसायला बसले. मॅनेजर पळत आला, हात हलवत. त्याला वाटलं असेल कुठून आणलीय ही बाई.

बघायला येणारे लोक पण एकेक. एक म्हातारी बाई आली, पिशवीतून लाकडी तळाचे बूट काढले, तिच्या आजीचे, आणि मागाजवळ जमिनीवर ठेवले. बघत उभी राहिली नि रडायलाच लागली. मग माझ्याकडं आली आणि खुणेनं म्हणाली, थोडी पिंज दे. मी नुकतीच झाडून कचऱ्याच्या पिशवीत टाकलेली. मला इतकी लाज वाटली, कचऱ्यातनं काढून कसं द्यायचं? पण तिनंच पिशवीत हात घातला, रुमालात चिमूटभर बांधली आणि माझा हात दाबला. माझ्या हाताला फिनेलचा वास. मी हात मागं घेतला.

तिथं माग चालवून दाखवायला डोरीन यायची. ऐंशीच्या पुढची, काटक, ओठाला लाल लिपस्टिक. ती शाळा सोडून ह्याच गिरणीत लागली होती आणि गिरणी बंद पडली तेव्हा तिनंच शेवटचा माग थांबवला, असं ती सगळ्यांना सांगायची. पगार घ्यायची नाय, हौसेनं यायची. बोलताना हात, डोळे सगळं चालवायची, म्हणून तिचं इंग्रजी मला अर्धंमुर्धं कळायचं. सगळ्यांना "लव्ह" म्हणायची. मला पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी लाजून इकडं तिकडं बघितलं, मग बघते तर पोस्टमनला पण लव्ह आणि कुत्र्याला पण लव्ह.

डोरीन लोकांना धोटा दाखवायची, आडवा दोरा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळतो तो. येवल्याला पैठणीच्या मागावर मी लहानपणी धोटा बघितलेला, म्हणून तेवढा मला ओळखीचा. हिच्या धोट्याला एक बारीक भोक, नवीन दोरा लावला की तो त्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचा. आज एकीनं ओढला, उद्या तोच धोटा दुसरीच्या तोंडाला. सगळ्यांचं उष्टं. मी नाक मुरडलं. डोरीननं ते बरोबर ओळखलं, हसली आणि स्वतःच्या कवळीवर टकटक केलं. म्हंजे दात त्यातच गेले.

आणि दुसरी गोष्ट दाखवायची ती मी-मॉ. त्या बाया आपसात बोलायच्या त्या बोलीला ती मी-मॉ म्हणायची. इथं दोन मागांत बोललेलं ऐकू येत नाय, तेव्हा तर शेकडो माग एकाच वेळी चालायचे. मग बोलायचं कसं? बाया तोंडानंच बोलायच्या, आवाज काढायच्याच नायत. तोंड मोठं उघडायचं, ओठ ताणायचे, भुवया, हात, सगळा चेहरा कामाला लावायचा, आणि समोरची हॉलच्या त्या टोकावरून वाचायची. कुणाची सून पळाली, कुणाला दिवस गेले, सगळं बिनआवाजाचं. बाहेर आलं तरी तीच सवय, रस्त्याच्या ह्या बाजूनं त्या बाजूला तशाच गप्पा. डोरीन म्हणायची, मुकादम म्हणायचा ह्या बाया किती शांत, आणि आम्ही त्याच्या पाठीमागं त्यालाच शिव्या देत असू.

आता आरूचं सांगते.

आरू शांत पोर. आमच्या घरावरून गाड्या जायच्या, शेजारी कुत्रं भुंकायचं, प्रेशर कुकरची शिट्टी व्हायची, पण पोर झोपेतून हलायची नाय. मला केवढा अभिमान. फोनवर सासूबाईंना सांगायची, आई, एवढी गुणाची पोर हाय, कशानं उठत नाय. त्या सगळ्या गल्लीला सांगायच्या. बोलत नव्हती, पण त्या म्हणायच्या, हिचा बाप पण उशिरा बोलला, तू घाबरू नको.

आरूला मी कामाच्या वेळी शेजारणीकडं ठेवायची. एक दिवस ती शेजारीण आजारी पडली, ह्यांची पाळी सुटायला वेळ होता, आणि मी रजा मागायला घाबरले. रजा कशी मागायची ते इंग्रजीत येत नव्हतं, हे खरं कारण. म्हणून मी आरूला ढकलगाडीत घालून तशीच कामावर नेली, आणि मागांच्या हॉलशेजारी झाडू-बादल्यांची खोली असते तिथं ठेवली. झोपली होती. मनात म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न हाय.

तेवढ्यात शाळेची पोरं आली बघायला. डोरीननं माग चालू केला. ती सगळी पोरं एकदम किंचाळली, कुणी कान दाबले, एक बारकी रडायलाच लागली. आणि त्या हादऱ्यानं की काय, झाडूच्या खोलीचं दार हळूच उघडलं. ढकलगाडी सगळ्यांच्या समोर. पोरं बोटं दाखवायला लागली. मनात म्हटलं, गेली नोकरी, आणि नोकरीचं सोडा, तिकडं मी ऐकलेलं की पोराची हेळसांड केली तर सरकार पोर उचलून नेतं. मी पळत गेले, "सॉरी सॉरी सॉरी" एवढंच येत होतं.

डोरीननं माग थांबवला. माझ्याकडं बघितलंच नाय तिनं, आरूकडं बघत राहिली. मग परत माग चालू केला. परत थांबवला. आरू झोपलेली. बोट पण हललं नाय.

शाळेची पोरं गेल्यावर डोरीन आमच्याजवळ आली. तोवर आरू जागी होऊन बसलेली. डोरीननं तिच्या मागं जाऊन पत्र्याच्या बादलीवर ब्रशचा दांडा हाणला. मी दचकले. आरू आपल्या बोटांशी खेळत होती. मग डोरीन पुढं येऊन गुडघ्यावर बसली आणि आवाज न काढता तोंडानं काहीतरी बोलली, मोठे मोठे ओठ करून. तर आरूनं तिच्या तोंडाकडं असं बघितलं, असं बघितलं, की माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. आणि तिनं पण ओठ हलवले. उघडले, मिटले.

डोरीननं विचारलं, "बोलते का?"

मी म्हणाले, "नो. गुड बेबी. शांत बेबी." अजून मला अभिमानच!

तिनं माझ्या दंडाला धरलं. "लव्ह," म्हणाली, आणि मग स्वतःच्या कानाकडं बोट केलं आणि मान हलवली, आरूच्या कानाकडं बोट केलं आणि परत मान हलवली.

मला राग आला. म्हटलं, ही म्हातारी कोण माझ्या पोरीला बहिरी म्हणणारी? ढकलगाडी घेऊन निघाले. पण रस्त्यानं घरी जाताना मी पोरीच्या पाठीमागून हाका मारत गेले. आरू. आरू! आरूऽऽ! लोक थांबून बघत होते. चढ लागला, दम लागला, तरी ओरडतच होते. तिनं एकदा पण मागं वळून बघितलं नाय.

पुढं हॉस्पिटल झालं, तपासण्या झाल्या. कानातली नस जन्मापासून कमजोर. आमच्या ह्यांनी रिपोर्ट वाचला आणि एवढंच म्हणाले, "मी नर्स हाय, अश्विनी." त्या रात्री जेवले नाय. सरकारची बाई घरी आली तेव्हा मी आरूला कवटाळून आतल्या खोलीत बसलेली, ती बिचारी चहा पिऊन, खेळणी देऊन, पोरीशी कसं बोलायचं ते शिकवून गेली. मशिनं मिळाली, बारकी, कानामागं बसणारी, आत नळी. नोकरी पण गेली नाय. मॅनेजरनं नुसतं सांगितलं, पुढच्या वेळी विचारत जा.

मशिनासोबत एक एवढासा ब्रश मिळतो. नळीत मळ बसतो, धूळ बसते, तो रोज काढायचा. सुक्या ब्रशनं, पाणी लावायचं नाय. मी पहिल्यांदा साफ करायला बसले आणि माझे हातच चालेनात. दिवसभर मागाचं तेच करायचं आणि घरी येऊन पोरीच्या कानाचं तेच.

डोरीननं मला आरूला गिरणीत आणायला लावलं, आठवड्यातून एकदा, बघायला कुणी येत नसायचं त्या दिवशी. तिनं स्वतःचे पांढरे केस बाजूला केले. तिला पण दोन मशिनं, लालभडक रंगाची, लिपस्टिकला जुळतील अशी मागून घेतलेली! मागांनी त्या सगळ्या बायांचे कान खाल्ले होते. म्हणाली, माझी आई बहिरी, मावशी बहिरी, आमच्या आळीत ज्या बाईला ऐकू येतं तिला लोक विचारायचे, तू गिरणीत नव्हतीस का? मग मला तिनं मी-मॉ शिकवली. मी म्हणाले, मला इंग्रजी येत नाय. तर म्हणाली, मग तुझ्या भाषेत कर. मी मराठीत तोंड हलवायला लागले. "ये." "दूध." "आई हाय." आरू टक लावून बघायची. आवाजच नसल्यामुळं चुकलं तरी कुणाला ऐकू जात नाय, म्हणून मला लाज वाटायची नाय. त्या गावात मी सगळ्यात जास्त बोलले असेन तर ती तिथं, त्या बंद मागांमधे, आवाज न काढता.

पण ते तिथं. तिथं सगळं गावच बहिरं होतं, म्हणून कोण कुणाला लाजणार? इथं आपल्याकडं आरू एकटी.

म्हणून सांगितलंच नाय. व्हिडिओ कॉल आला की मी आरूला टोपी घालायची. आमच्या सासूबाईंची सिडकोत पिठाची गिरणी हाय, वीसेक वर्षं त्याच चालवतात, सासरे गेल्यापासून एकट्याच. त्या फोन पण गिरणीतूनच करायच्या आणि एवढ्या मोठ्यांदा बोलायच्या की मी फोन लांब धरायची.

"आगं घरात टोपी कशाला घातली लेकराला?"

"थंडी हाय आई."

"मेमध्ये?"

"इथं मेमध्ये पण असते."

"आं?"

"थंडी हो, थंडी!"

आणि त्या "आं? आं?" करत राहायच्या, मला वाटायचं गिरणीचा आवाज हाय. पुढं केस वाढले, कान झाकले गेले, टोपी सुटली. मी केसांना कात्री लागू दिली नाय. ह्यांना म्हणायची, सांगू या का? ते म्हणायचे, सांगू हळूहळू. ते पण लाजतच होते, नुसतं बोलून दाखवत नव्हते.

घरी आल्यावर हळूहळू सांगायला वेळ उरलाच नाय. मी म्हटलं, आई, जावळ पुढच्या वर्षी करू. तर त्या केवढ्यांदा, "पुढच्या वर्षी चौथं लागतंय, तिसऱ्यातच काढायचं असतं! देवीला बोललेय मी." माझा भाऊ गणेश निफाडहून यायचा ठरला, कारण जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात. गाडी ठरली. मी ठरवलं, गडाच्या पायथ्यालाच मशिनं काढून पर्समधे टाकायची, केस उतरले की लगेच टोपी, कुणाला दिसायचं कारण नाय.

तसं केलं पण. गाडीतच मशिनं काढली. मशीन काढलं की आरू माझा चेहरा सोडत नाय, माहीत होतं मला. पण तेवढा वेळ निभेल म्हटलं.

वर गर्दी. संबळ वाजत होता, घंटा, पोरांची रडारड, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. दर्शन झालं, हे पूजेच्या पावतीच्या रांगेत अडकले. न्हाव्यासमोर गणेश मांडी घालून बसला, त्याच्या मांडीत आरू. आमच्यात केस आत्यानं पदरात झेलायचे असतात, आरूला आत्या नाय म्हणून सासूबाईंनीच पदर पसरला आणि अगदी समोर बसल्या. मला म्हणाल्या, "तू मागं सर, आईला बघून लेकरू रडतं."

मी मागं सरले. न्हाव्यानं डोक्याला पाणी लावलं आणि आरूनं मला शोधायला मान वळवली. मी दिसेना. न्हावी डोकं सरळ करायचा, ती परत वळवायची. मग तिनं वस्तरा बघितला आणि अशी किंकाळी फोडली! अंग ताठ केलं, मागं रेलली, गणेशला आवरेना.

"ओ ताई, हलू देऊ नका, वस्तरा हाय!"

"आरू, हलू नको! आरू! ए बाळा!" गणेश तिच्या कानात ओरडत होता. "हिला ऐकू येतंय का नाय?"

बोलून गेला आपला, लोक बोलतात तसं. सासूबाई पण ओरडत होत्या, भोवतीच्या बाया पण. कानशिलाजवळ एक लाल रेघ उमटली, बारकीच, पण रक्त. पर्समधे मशिनं होती. माझी मूठ पर्सवर आवळलेली. लावावी तर पाणी लागणार, नाय लावावी तर ही आणि वस्तरा. आणि तिसरी जी गोष्ट मला येत होती ती एवढ्या लोकांसमोर करायची म्हंजे सगळं उघडंच करायचं.

मी सासूबाईंच्या बाजूला जाऊन गुडघ्यावर बसले. आरूच्या समोर. आणि डोरीननं शिकवलं होतं तसं तोंड उघडलं, ओठ ताणले, भुवया वर. "आई. हाय. इथं. हाय." आवाज नाय. आरू हुंदका देत थांबली. "दुखणार. नाय. थोडंसं. झालं. की. लाडू." तिची नजर माझ्या तोंडावर खिळली. अंग सैल पडलं. तिनं पण ओठ हलवले, "लाडू". न्हाव्यानं वस्तरा चालू केला. केस पदरात पडायला लागले. मला कळत होतं सगळे माझ्याकडं बघताहेत, बाई वेडी झाली की काय, माझे कान तापलेले, पण मी तोंड थांबवलं नाय, थांबवलं की ती हलणार.

आणि बाजूला बघते तर सासूबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मग त्यांनी आरूकडं बघितलं आणि तोंड उघडलं. आवाज नाय. नुसते ओठ. "माझं. सोनं. ते." मोठे, स्पष्ट, डोरीनसारखेच. आणि हातानं खूण, थोडंच राहिलंय. आरू हसली.

मी बघतच राहिले. सासूबाईंना हे कुणी शिकवलं?

केस उतरले. गणेश आरूला घेऊन लाडू आणायला गेला. सासूबाईंनी पदराची गाठ मारली आणि मला विचारलं, त्यांच्या मानानं हळू, "कवापासून?"

"जन्मापासून."

"आं?"

मी तोंड मोठं केलं. आवाज काढलाच नाय. जन्मापासून.

त्यांना लगेच कळलं. मान हलवली. मग म्हणाल्या, "गिरणी चालू असली का गिऱ्हाईक काय बोलतंय ते मी तोंडाकडं बघूनच वळखते. बारीक का जाड, ज्वारी का बाजरी. आता बंद असली तरी तसंच बघावं लागतंय. मला वाटलं तुमी आजकालची पोरंच हळू बोलता." आणि पदराची गाठ परत आवळत, "टोपी त्याच्यापायी व्हय गं? मेमध्ये?"

मी मान डोलावली.

"आण ते काय हाय ते. लाव तिला."

मी पर्समधून मशिनं काढली.  त्यांनी एक हातात घेऊन उलटंपालटं केलं, फुंकर मारली. "दुखतं का हिला?" मी नाय म्हटलं. तेवढ्यात आरू लाडू खात आली, त्या चकचकीत गोट्यावर दोन मशिनं लावली, काय लपलं नाय. मी सवयीनं पिशवीतली टोपी काढली. तर त्या म्हणाल्या, "राहू दे. घाम येतो लेकराला."

हे सुट्टी संपवून परत गेले. मी आणि आरू दिवाळी करून जाणार. मधल्या वेळात मी गिरणीत सासूबाईंना मदत करते. आरू दळणाच्या डब्यांवर बसलेली असते, डोक्यावर आता खुंट उगवलेत. सगळीकडं पीठ बसतं, तिच्या मशिनावर पण. संध्याकाळी मी तो बारका ब्रश घेते आणि पीठ काढते, सुक्यानंच. सासूबाईंना म्हटलं, तुमचे पण कान तपासून घेऊ या. तर म्हणाल्या, आधी दिवाळीचं दळण उरकू दे.

गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, "पोरीच्या कानात काय हो?"  अजून मी काहीतरी काम काढून आतल्या खोलीत जाते. खोटं कशाला बोलू, लाज गेली नाय माझी. सासूबाई मात्र गिरणी बंद करून उत्तर देतात, आणि गिरणी बंद असली तरी त्यांचा आवाज काय कमी होत नाय.

"मशीन हाय! कानाचं! नात बहिरी हाय माझी, माझ्यासारखीच!"

पार कोपऱ्यावरच्या वाण्याला ऐकू जातं. मी आतून ऐकते. पहिल्यांदा दार लावून घ्यायची. आता लावत नाय. दाराच्या फटीतून आरू मला बघते आणि तोंड हलवते, आवाज न काढता. ये ना.